दीडशे ग्रॅमचं फडकं

असं समजा की सकाळचे साडेसात वाजलेत, तुम्ही नवजात बाळांच्या वॉर्डात उभे आहात आणि तुम्हाला एका बाळाचं वजन करायचं आहे. बाळ चार दिवसांचं, दोन तळहातांत मावेल एवढं. टेबलावर काटा आहे, त्याला मधे खोलगट पांढरं ताट. ताट थंडगार असतं, म्हणून आधी त्यावर फडकं अंथरा. काट्यावर आकडा येईल, एकशे अठरा किंवा असाच काहीतरी. आता शून्याचं बटण दाबा. फडक्याचं वजन काट्याने सोडून दिलं. बाळाचे कपडे काढा, हाताला लावलेली सुई सांभाळा, नळी ताणली जात नाही ना बघा, आणि बाळ अलगद ठेवा. ते रडेल, पाय झाडेल, आकडा नाचेल. थांबा. आकडा ठरला की केसपेपरवर लिहा.

झालं काम. पाऊण मिनिटाचं. यात चूक कुठे होऊ शकते, सांगा पाहू?

माझ्या मामाला कुणी हे विचारलं असतं तर एकेकाळी तो म्हणाला असता, "काटा बरोबर असेल तर कुठेच नाही." एकोणीस वर्षं तो असंच समजत होता.

मामा मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात उपकरणं दुरुस्त करतो. तळमजल्यावर, लाँड्रीला लागून त्याची खोली. लांबलचक बाक, वाकवता येणारा दिवा, स्क्रूंच्या बरण्या, आणि मखमल लावलेल्या लाकडी पेटीत पितळी वजनं, एक ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत. ही वजनं तो उघड्या हाताने कधी उचलत नाही. चिमट्याने नाहीतर हातमोजा घालून. "बोटांचा घाम लागतो. घामालाही वजन असतं," असं सांगतो आणि समोरचा हसला की नाराज होतो.

तराजूंचं काम त्याच्याकडे वडिलांकडून आलं. आजोबा दुकानादुकानांत फिरून काटे दुरुस्त करायचे. मामा त्यांच्याबरोबर फिरला, शिकला, आणि हॉस्पिटलात लागला तेव्हा त्याने एकच फरक केला. आजोबा वर्षातून एकदा काटा तपासायचे, मामा दर सोमवारी तपासतो. सकाळी साडेसहाला, दिवसपाळी यायच्या आत, पेटी घेऊन अकराच्या अकरा काट्यांपाशी जातो. "दुकानदाराचा काटा चुकला तर गिऱ्हाईक भांडतं. बाळ कुठे भांडतं?" हे त्याचं कारण.

कारण खरंच आहे. मोठ्या माणसाला ताप आला की एक गोळी, मग तो साठ किलोंचा असो की ऐंशीचा. बाळाचं सगळं औषध वजनावर ठरतं, किलोमागे इतके मिलिग्रॅम. तुमच्या-माझ्या वजनात तीनशे ग्रॅमचा फरक म्हणजे पाणी पिऊन आलो एवढाच. दीड-दोन किलोच्या बाळात तीनशे ग्रॅम म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा.

हॉस्पिटलात त्याला सगळे ग्रॅमकाका म्हणतात. घरी मामीचं म्हणणं वेगळं असतं. "हे मला बघायला आले ना, तेव्हा चेहरा बघितलाच नाही. खाली मान घालून भावाच्या कानात म्हणाले, बावन्न किलो. मी ऐकलं. एकावन्न होते मी!"

"चपलांसकट बावन्न," मामा अजूनही म्हणतो.

"भाजी आणायला पाठवलं तर भाजीवालीचा काटा दुरुस्त करून येतात. भाजी तिथेच."

तर अशा माणसाच्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी हॉस्पिटलवर दावा लागला.

एक मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली होती. तिसऱ्या दिवशी अंगात जंतुसंसर्ग, म्हणून तिला या वॉर्डात आणलं. सात दिवस इंजेक्शनं दिली, मुलगी वाचली, घरी गेली. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. तपासलं तर दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्या औषधाचा डोस जास्त झाला तर कानाला इजा होऊ शकते, हे आईबापांना दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं. बाप मालाचा टेम्पो चालवायचा, आई कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला. ती मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांनी हलगर्जीपणाचा दावा केला.

हॉस्पिटलचे वकील केसपेपर घेऊन बसले. डोस वजनाप्रमाणे अगदी चोख होता. पहिल्या दिवशीचं वजन एक हजार नऊशे चाळीस ग्रॅम, त्याला जेवढं औषध बसतं तेवढंच, दोन डॉक्टरांनी ताडून पाहिलेलं. मग वजन बरोबर होतं का? तेव्हा कुणाला तरी ग्रॅमकाकांची वही आठवली.

मामा सगळ्या वह्या ठेवतो. पाच वर्षांपूर्वीची वही निघाली, तारीख निघाली. सोमवारच होता. सकाळी साडेसहा, काटा क्रमांक तीन, बरोबर. मुलगी दाखल झाली त्याच दिवशी, त्याच काट्यावर, साडेचार तास आधी.

वकीलसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी मामाशी हात मिळवला. "डोस वजनावर, वजन काट्यावर, काटा बरोबर. संपला दावा! काका, तुम्ही सोन्यासारखे आहात."

मोठ्या साहेबांनी चहा मागवला. उपकरण विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होतेय, अर्ज करून ठेवा, असंही जाता जाता म्हणाले. मामा घरी येताना मिठाई घेऊन आला. मामीने पुडा हातात घेऊन तोलल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पाव किलो. आनंद मोठा दिसतोय."

त्या बैठकीत विमा कंपनीच्या एक बाईही होत्या. चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत असायच्या. हॉस्पिटल हरलं तर पैसे त्यांची कंपनी देणार होती. मामाने त्यांना विचारलं, कानाच्या एका दाव्याला एवढी माणसं कशाला?

"काका, मोठ्या माणसाचं काही गेलं तर पुढची वीस-पंचवीस वर्षं मोजायची," बाई म्हणाल्या. "बाळाचं गेलं तर सत्तर. कानाची यंत्रं, त्यांच्या बॅटऱ्या, दर चार-पाच वर्षांनी नवीन यंत्र, बोलायला शिकवणाऱ्या बाई, वेगळी शाळा. आणि बाळ काही उद्याच दावा करत नाही. ते मोठं होईपर्यंत, आणि नंतरही थोडी वर्षं, दार उघडंच. आज जन्मलेलं बाळ मी वीस वर्षं उशाशी घेऊन झोपते."

"मग तुम्हाला तर झोपच लागत नसेल."

"म्हणून तर हप्ता एवढा असतो. नवजात बाळं बघणारे डॉक्टर का कमी होत चाललेत असं वाटतं तुम्हाला?" चष्मा एकदाचा सापडला. "पण तुमची वही आवडली मला. अशी वही प्रत्येक ठिकाणी हवी."

वकिलांनी मामाला एक काम दिलं. वहीतलं अक्षर बारीक होतं, तर त्या दिवसाची नोंद चांगल्या अक्षरात कागदावर उतरवून द्यायची. "तिसऱ्या काट्याची एवढी ओळ पुरे," ते म्हणाले.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मामा टेबलाशी बसला. आता मामाचा स्वभाव असा की पानातली एकच ओळ उचलणं त्याला जमत नाही. त्याने वरपासून सुरुवात केली. काटा एक, बरोबर. काटा दोन, दोन ग्रॅम कमी, नीट केला. काटा तीन, बरोबर. असं अकरापर्यंत. त्याखाली त्याच तारखेला आणखी एक ओळ होती: सात वाजून दहा मिनिटं, लाँड्रीच्या ड्रायरचा पट्टा तुटला, नवा पट्टा संध्याकाळी बसवला.

पेन थांबलं.

"काय झालं? शाई संपली?" मामी पलंगावर आडवी झाली होती.

"ड्रायर बंद होता."

"कुठला ड्रायर?"

"पाच वर्षांपूर्वीचा."

"अरे देवा. झोपा आता जरा."

"ड्रायर बंद असेल, तर वॉर्डातली फडकी वाळली कुठे?"

मामी कुशीवर वळली. "वाळली नसतील. तुम्ही नाही का, अंगपुसणं ओलं राहिलं की हाताला लागेल ते ओढता? परवा माझी ओढणी ओढलीत. तसंच त्यांनीही काहीतरी ओढलं असेल."

मामा म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं. एकोणीस वर्षं तो काटा तपासत होता, पण उघडा काटा. पेटी न्यायची, फडकं काढून बाजूला ठेवायचं, ताट पुसायचं, पितळी वजन ठेवायचं. बरोबर. मग फडकं परत घालून निघायचं. बाळाचं वजन मात्र उघड्या काट्यावर कधीच होत नाही. फडक्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. ते त्याच्या लेखी उपकरण नव्हतं, कापड होतं.

सोमवारी अकरा काटे तपासून तो रेकॉर्ड रूममध्ये गेला. मुलांचे केसपेपर तिथे वर्षानुवर्षं जपून ठेवतात, त्या उशाशी घेऊन झोपण्यामुळेच. त्या दिवशी वॉर्डात आधीपासून नऊ बाळं होती. नऊही बाळांचे कागद त्याने काढून घेतले आणि जे पाच वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. नऊ वेगवेगळ्या केसपेपरांवरची वजनं एकाखाली एक लिहिली. आदल्या दिवशीचं, त्या दिवशीचं, फरक.

पहिल्या चार खाटांवरची बाळं एका दिवसात पंधरा, बावीस, अठरा, पंचवीस ग्रॅमनी वाढली होती. छान. अशीच वाढतात. पाचव्या खाटेवरचं बाळ वाढलं होतं तीनशे अडतीस ग्रॅम. सहावं तीनशे एक्केचाळीस. सातवं तीनशे बावन्न, आठवं तीनशे एकोणपन्नास, नववं तीनशे साठ.

एका दिवसात पाच बाळं पावशेराहून जास्त वाढली होती, आणि दुसऱ्या दिवशी पाचही पुन्हा जागेवर.

हे तेव्हा कुणालाच कसं दिसलं नाही? कारण प्रत्येक बाळाचा कागद वेगळा. आकडा विचित्र दिसला तर सिस्टर म्हणणार, बाळ हललं असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी आकडा नीट, विषय संपला. डोस या पाचांचे आधीच ठरलेले, ते बदलले नाहीत. फसली ती एकटी नवी मुलगी. बाहेरून आणलेली, तिला आदल्या दिवशीचं वजनच नव्हतं. अकरा वाजता आली, एक हजार नऊशे चाळीस. दुसऱ्या दिवशी एक हजार सहाशे दहा. आजारी बाळ, अंगातलं पाणी गेलं, असं डॉक्टरांनी धरलं, सलाइन वाढवलं. आणि औषध नियमाप्रमाणे पहिल्या वजनावरच चालू ठेवलं. सातही दिवस, पाचवा हिस्सा जास्त.

त्या दिवशी वजनं ज्यांनी केली त्या सिस्टर आता वॉर्डाच्या प्रमुख आहेत. तेव्हा नोकरीला लागून चार महिने झाले होते. मामाने त्यांना खोलीत बोलावलं, स्टूल पुढे केलं, आणि कागद दाखवला. पाचव्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"टॉवेल होता," त्या म्हणाल्या. "अंघोळीचा. चार बाळं झाली आणि कोरडी फडकी संपली. लाँड्रीतून म्हणाले, आज नाही. मी टॉवेलची घडी घातली. ऊब राहील म्हणून जाड." मग एकदम, "शून्य नाही केलं मी परत. सकाळी केलं होतं ना."

"हं."

"ग्रॅमकाका, मला बुडवायला निघालात काय? गेल्या आठवड्यात तर सगळे म्हणत होते केस जिंकली."

"तू टॉवेल का घेतलास?"

"फडकी नव्हती म्हणून."

"फडकी का नव्हती?"

"ड्रायर बंद."

"ड्रायर कोण बघतं?"

सिस्टरनी बोट मामाकडे केलं.

"आणि काट्यावर दुसरं कापड आलं तर आकडा फिरतो, हे तुला सांगायचं काम कुणाचं होतं? चार महिन्यांची पोर तू. मी तर तेव्हाच चौदा वर्षं जुना होतो ना इथे?" मामाने कागदाची घडी घातली. "तुझ्या एकटीच्या गळ्यात पडू देणार नाही. पण झाकणारही नाही."

वकीलसाहेबांनी कागद बघितला आणि मामाशी मिळवलेला हात जणू परत घेतला. "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"मग साक्षीत विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. काटा बरोबर होता का? होता. संपलं. खोटं बोला म्हणत नाही मी."

खरंच, खोटं बोलायची गरजच नव्हती. मामा गप्प राहिला असता तर त्याचा काटा बरोबर, त्याची वही सोन्याची, प्रमुखाची जागा त्याची. आणि ती मुलगी दावा हरून घरी. बोलला तर आपणच मिठाई वाटलेली केस आपणच बुडवायची, आणि हॉस्पिटलात सगळ्यांना सांगायचं की ग्रॅमकाका जे तपासत होता त्यात बाळ कुठेच नव्हतं. मामा सांगतो की दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मामी म्हणते, एकच दिवस. दुसऱ्या दिवशी दोन वेळा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्याने विमा कंपनीच्या बाईंना फोन केला. त्या पैसे वाचवायला बसलेल्या, त्यांनाच कशाला? त्याचा हिशोब सरळ होता: वही त्यांना आवडली होती, तर वहीचं पूर्ण पान त्यांनी बघावं.

बाई आल्या, वकील आले, मोठे साहेब आले, सिस्टरही आल्या. मामाने काटा क्रमांक तीन बाकावर ठेवला होता. तोच, अजून चालू असलेला. त्याने जुन्या मापाचं पातळ फडकं घातलं, एकशे अठरा. शून्य केलं. फडकं काढलं, अंघोळीच्या टॉवेलची घडी ठेवली. मग हातमोजा घालून पितळी वजनं एकेक करत मांडली: एक किलो, पाचशे, शंभर, दहा. दुसऱ्या दिवशीचं मुलीचं वजन.

काट्यावर आलं, एक हजार नऊशे बत्तीस.

शेजारी लाँड्रीत ड्रायर घरघरत होता.

"केसपेपरवर चाळीस आहे," बाई म्हणाल्या. "आठ ग्रॅम कमी पडतात."

"हा टॉवेल कोरडा आहे," मामा म्हणाला.

वकिलांनी कपाळाला हात लावला. "बाई, हे दाखवलं तर पैसे तुमच्या कंपनीचे जातात, माझे नाही. अजूनही डॉक्टरांत एकमत नाहीये. निम्मे म्हणतात औषधाने झालं, निम्मे म्हणतात जन्मापासूनच असेल."

"ते ठरवतील डॉक्टर," बाई म्हणाल्या. "मला वेगळी भीती वाटतेय. आमच्याकडे विमा असलेली चाळीसच्या वर हॉस्पिटलं आहेत. सगळीकडे काटे आहेत, सगळीकडे फडकी आहेत. ही केस मी जिंकले तर अशा किती केसेस तिकडे वाढत बसल्यात, ते मला वीस वर्षांनी कळणार." त्या मामाकडे वळल्या. "काका, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? प्रत्येक बाळाला शून्य दाबा, असा नियम काढू?"

"काढा. पण गडबडीत नियम विसरतात. मी काहीतरी असं करतो की विसरलं तरी काटाच सांगेल."

तडजोड झाली. मुलीला रक्कम मिळाली. यंत्रं, शाळा, बोलायला शिकवणाऱ्या बाई, सगळं धरून. केवढी, ते मामा सांगत नाही, एवढंच म्हणतो की तेवढ्यात हॉस्पिटलचा आणखी एक मजला झाला असता. पुढच्या वर्षी हॉस्पिटलचा विम्याचा हप्ता दीडपट झाला. नवजात बाळांच्या डॉक्टरची एक जागा वर्षभर भरता आली नाही आणि वॉर्डातल्या चार खाटा रिकाम्या ठेवाव्या लागल्या. मामा ही गोष्ट सांगताना त्या चार खाटा कधी वगळत नाही. प्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. सिस्टरना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मामाला मेमो मिळाला: "उपकरण तपासणीची पद्धत प्रत्यक्ष वापराशी जुळणारी नव्हती, याबद्दल समज देण्यात येत आहे."

हा मेमो त्याने चौकट करून बाकाच्या वर लावला आहे. मामी म्हणते, लोकांच्या भिंतीवर पदकं असतात, आमच्याकडे मेमो.

पण त्याच भिंतीवर, मेमोच्या बाजूला, एका खिळ्याला फडकं टांगलेलं आहे.

ते फडकं करायला मामाने तीन महिने घेतले. कुठलं कापड धुतल्यावर कमी आटतं, किती धुण्यांनी किती तंतू झडतात, कडेची शिवण किती वजन घेते, सगळ्याच्या नोंदी. शेवटी ठरलं, दुहेरी सुती फडकं, बरोबर दीडशे ग्रॅम, कोपऱ्यात लाल दोऱ्याने घातलेला दीडशेचा आकडा. पहिली साठ फडकी मामीने घरच्या मशीनवर शिवली.

"दोन ग्रॅम जास्त आहे हे," मामा म्हणायचा.

"मग दोन ग्रॅमचा तुमचा हट्ट काढून ठेवा त्यातून."

"कडेचा दोरा उसवून बघ."

"माझ्या बापाने बावन्न किलोंवर हो म्हटलं तिथेच फसले मी," असं म्हणत मामी दोरा उसवायची.

आता कामाची पद्धत अशी. सकाळी काटा सुरू केला की फडकं ठेवायचं, आकडा दीडशे आलाच पाहिजे. म्हणजे फडकंच काट्याची रोजची परीक्षा घेतं, मामाला सोमवारपर्यंत थांबावं लागत नाही. शून्य करायचं. बाळ ठेवायचं, वजन लिहायचं. बाळ उचललं की आकडा बघायचा. शून्य आला तर सगळं ठीक. जास्त आला तर एकतर फडकं बदललंय, नाहीतर बाळाने ओलं केलंय. केसपेपरवर वजनाच्या शेजारी एक छोटा चौकोन छापला, त्यात तो उरलेला आकडा लिहायचा. बहुतेक वेळा त्यात शून्य असतं. कधी चार असतं, कधी अकरा, मग बाळ पुसून पुन्हा वजन. तीन ग्रॅम झडले की फडकं लाँड्रीतून थेट फरशी पुसायला जातं. सिस्टर त्याला ग्रॅमकाकांची निवृत्ती म्हणतात.

विमा कंपनीने दुसऱ्या वर्षी पत्र काढलं. नवजात बाळांच्या विभागाचा विमा हवा असेल तर ठरावीक वजनाचं फडकं आणि केसपेपरवर तो चौकोन असलाच पाहिजे. चाळीसच्या वर हॉस्पिटलांत तो चौकोन आला. मीही उपकरणांचंच शिक्षण घेतलं. पहिल्या नोकरीत, इथून फार लांबच्या एका हॉस्पिटलात, मी काट्यापाशी गेले तर ताटावर लाल दोऱ्याचा दीडशे होता. शिवण मामीची नव्हती, चांगली सरळ होती. मी सिस्टरना विचारलं, हे कुणी सुरू केलं? त्या म्हणाल्या, "काय माहीत, पहिल्यापासून आहे."

मी मामाला फोनवर सांगितलं. त्याला वाटलं असेल की लोक त्याचं नाव विसरले म्हणून मी चिडलेय. तो म्हणाला, "पहिल्यापासून आहे म्हणाल्या? अगं, याहून चांगलं काय हवं?" आणि मग लगेच, "तोलून बघितलंस का? किती भरलं?"

एकशे एकोणपन्नास. तसं सांगितल्यावर तो इतका खूश झाला की मामीला हाक मारून सांगायला गेला आणि फोन तसाच चालू राहिला.

ती मुलगी आता चौदा वर्षांची आहे. कानाचं यंत्र तपासायला वर्षातून एकदा तिची आई तिला याच हॉस्पिटलात घेऊन येते. मुलगी भरभर बोलते, चित्रं काढते, लिफ्टमध्ये जोरजोरात हसते. मामा दोनदा तिच्यासमोरून गेला, बोलला नाही. तिसऱ्या वर्षी तिच्या आईनेच त्याला जिन्यात गाठलं.

"वहीवाले काका तुम्हीच ना? आमच्या वकिलांनी सांगितलं होतं."

मामाने इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न काढला. तिसऱ्या काट्यावर तो टॉवेल होता तेव्हा, त्या सकाळी अकरा वाजता, त्या तिथेच उभ्या होत्या ना? टॉवेल कसा होता, काही आठवतं का?

मुलीच्या आई म्हणाल्या, "काका, मी दिवसभर कापडच तपासते. हात लावला की सांगते किती धुतलंय ते. पण त्या दिवशी मी कापडाकडे बघितलं नाही. पोरीकडे बघत होते." मग त्यांनी पर्स उघडली, आणि वहीची गोष्ट ऐकून मुलीने काढलेलं एक चित्र मामाच्या हातात दिलं. चित्रात एक काटा होता, त्यावर एक मांजर ऐसपैस बसलेलं, आणि आकड्याच्या जागी बरोबर शून्य.

ते चित्रही आता भिंतीवर आहे.

पण मामाचं समाधान होत नाही. त्या दिवशी केसपेपरवर चौकोन असता तर आकडा मिळाला असता. चौकोन नव्हता, म्हणून आकडा नाही. पाचव्या खाटेपासून नवव्यापर्यंत फरक वाढत गेला, म्हणजे टॉवेल हळूहळू ओला होत होता. नंतर मुलगी येईपर्यंत कुणी तो बदलला का, उन्हात टाकला का, की तसाच राहिला? कोरडा असेल तर तिचं वजन सोळाशे अठराच्या आसपास, ओला असेल तर सोळाशे. वीस ग्रॅमचा फरक. कोर्टाला त्याचं काही नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, मुलीलाही नाही. मामाला आहे. आमच्याकडे आला की न्हाणीघरातला टॉवेल हातात घेऊन तोलतो, घडी घालतो, पुन्हा तोलतो. परवाही तेच. मी दारात उभी होते, तर माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं,

"तू तर शिकलेली आहेस, सांग बघू. नऊ बाळांच्या वॉर्डात, ड्रायर बंद, खिडकी पूर्वेला. अकरा वाजता तो टॉवेल कोरडा असेल की ओला?"